नमुना पाहणी शिकायला आणि करायला किती खर्च येतो? चिंचपाड्याचा हिशेब

नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा आणि आसपासच्या पाड्यांत वही किंवा टॅब घेऊन येणारी माणसं नवीन नाहीत. कुणी कुपोषणाची पाहणी करतं, कुणी सिकलसेलची, कुणी नळाच्या पाण्याची, कुणाला पीएच.डी.साठी दोनशे प्रश्नावल्या भरून हव्या असतात. २०१८ मध्ये नंदुरबारचं नाव आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलं, तेव्हापासून इथल्या आकड्यांना मागणीही आहे. तरी यातल्या कित्येक पाहण्या डांबरी रस्त्याला लागून असलेल्या घरांतच आटोपतात, आणि त्यातून निघालेला टक्का अख्ख्या नवापूर तालुक्याचा म्हणून छापला जातो. लोकांचा वेळ जातो, देणगीदाराचा पैसा जातो, आणि आतल्या पाड्यांबद्दल काहीच कळत नाही.

थोडी घरं विचारून सगळ्यांबद्दल खात्रीने बोलता येतं, पण ती घरं कशी निवडली यावर सगळं अवलंबून असतं. ही निवड शिकायला फार पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते पाहणी करायला, आणि शिकलेल्या माणसाच्या हातून तेच पैसे कितीतरी जास्त उपयोगी पडतात. हा लेख बाहेरून येणाऱ्यांसाठी नाही. तो इथल्याच पदवीधर मुलामुलींसाठी, रुग्णालयाच्या किंवा संस्थेच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी, आशा गटप्रवर्तकांसाठी, ग्रामपंचायतीत रस घेणाऱ्यांसाठी आहे. मावची बोलणारं, पाड्यांच्या वाटा ठाऊक असलेलं माणूस हे शास्त्र शिकलं, तर ते इथली पाहणी मुंबई-पुण्याच्या कुठल्याही संस्थेपेक्षा चांगली करील, असं माझं ठाम मत आहे.

शिकायला लागणारे पैसे

सर्वांत मोठा खर्च संगणकाचा. व्याख्यानं मोबाइलवर ऐकता येतात, पण माहितीचं विश्लेषण मोबाइलवर नीट होत नाही. नवा महागडा लॅपटॉप घेण्याची गरज नाही. ४ जीबी मेमरीचा जुना चालतो, ८ जीबीचा असेल तर उत्तम. सुस्थितीतल्या जुन्या लॅपटॉपसाठी पंधरा ते वीस हजार रुपये धरून चला. तिघांनी मिळून घेतला तर प्रत्येकी पाच ते सात हजार, आणि हा विषय तिघांनी मिळून शिकण्यासारखाच आहे. एकाने केलेली आकडेमोड दुसऱ्याने तपासली की चुका लवकर सापडतात.

सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालू नका. स्टाटा आणि एसपीएसएस यांचे परवाने महाग असतात, आणि कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेली चोरटी प्रत वापरून केलेलं काम पुढे नियतकालिकाला किंवा देणगीदाराला दाखवताना अडचणीत आणतं. ‘आर’ ही प्रणाली पूर्ण मोफत आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती सुरू केली, आणि तिच्यात थॉमस लम्ली यांनी लिहिलेलं ‘सर्व्हे’ नावाचं पॅकेज नमुना पाहणीच्या विश्लेषणासाठीच आहे. माहिती गोळा करायला ओडीके आणि कोबो टूलबॉक्स आहेत. दोन्ही मोबाइलवर नेटवर्क नसतानाही चालतात आणि नेटवर्क मिळालं की नोंदी पाठवतात. आपल्या भागात हे सोयीपेक्षा गरजेचंच आहे. कोबोच्या मोफत योजनेत महिन्याला किती नोंदी चालतात याला मर्यादा आहे. काम सुरू करण्याआधी ती बघून घ्या.

शिकवणीही मोफत मिळते. आयआयटी कानपूरचे प्रा. शलभ यांनी नमुना सिद्धांतावरची आपली टिपणं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर ‘आर’सह नमुना निवड शिकवणारा त्यांचा अभ्यासक्रमही आहे. ऐकायला शुल्क नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षा द्यावी लागते. तिचं शुल्क गेली काही वर्षं १००० रुपयांच्या घरात आहे. नोंदणीच्या वेळी अनुसूचित जमातीसाठी सवलत आहे का ते जरूर तपासा. परीक्षा केंद्रं शहरांत असतात. चिंचपाडा स्टेशन सुरत–जळगाव लोहमार्गावरच असल्यामुळे प्रवासाचं भाडं फार नाही, पण सकाळची परीक्षा असेल तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे बाजूला ठेवा.

पहिलं वाचन म्हणून कॉक्रनचं ‘सॅम्पलिंग टेक्निक्स’ विकत घेऊ नका. पुस्तक थोर आहे, १९७७ची तिसरी आवृत्ती आजही वापरात आहे, पण सुरुवातीच्या वाचकाला ते सूत्रांच्या जंगलात सोडून देतं. त्याआधी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी विभागाने २००८ मध्ये काढलेली घरगुती पाहण्यांच्या नमुन्याची मार्गदर्शिका वाचा. ती मोफत उतरवून घेता येते, आणि तिच्यात गावं कशी निवडायची, यादी कशी करायची हे पायरीपायरीने दिलं आहे. आरोग्याचं काम करणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची लसीकरण पाहणीची २०१८ची पुस्तिका सोबत ठेवावी. तीही मोफत आहे.

खरी अडचण इंग्रजीची आहे. ही सगळी सामग्री इंग्रजीत आहे, आणि त्यापायी हुशार मुलं पहिल्या आठवड्यातच मागे फिरतात. त्यावर मला एकच उपाय चांगला वाटतो: व्याख्यान ऐकण्याआधी आपल्या पाड्यातल्या साठ घरांची यादी वहीत लिहा. प्रत्येक घरासमोर माणसं किती, ते मांडा आणि सरासरी काढा. मग चिठ्ठ्या टाकून दहा घरं उचला आणि त्यांची सरासरी काढा. पुन्हा चिठ्ठ्या टाका, पुन्हा काढा, वीस-पंचवीस वेळा. दर वेळी उत्तर थोडं वेगळं येईल, पण खऱ्या सरासरीच्या आसपास घुटमळत राहील. हे ‘घुटमळणं’ मोजणं म्हणजेच अर्धं शास्त्र. त्यानंतर तीच गोष्ट इंग्रजी सूत्रात दिसली की ती परकी वाटत नाही. बेरीज, वर्गमूळ आणि बारावीच्या पातळीची संभाव्यता येत असेल तर रोज एक तास देऊन चार महिन्यांत पाया पक्का होतो.

ज्यांना पदवीच हवी त्यांच्यासाठी जवळचं ठिकाण जळगाव. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे आणि नंदुरबार जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ मध्ये स्थापन झालेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची धुरा तिच्याकडेच असते, त्यामुळे तिथे शिकणाऱ्याला खऱ्या मोठ्या पाहणीची माहिती हाताळायला मिळते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकवणी शुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळतं. प्रवेश परीक्षा मात्र अवघड आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना महाडीबीटी संकेतस्थळावरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते, तिच्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये राहिली आहे. यात पैशापेक्षा वेळ जास्त जातो तो जात वैधता प्रमाणपत्रात. प्रवेशाच्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा अर्ज वर्षभर आधी टाका.

आणखी एक वाट आहे, तिच्यात खर्च नाही, मिळकत आहे. मोठ्या पाहण्या करणाऱ्या संस्था दर फेरीला प्रगणक नेमतात. एका फेरीत प्रगणक म्हणून काम करा. प्रशिक्षण मिळतं, रोज मिळतो, आणि नियमपुस्तिका हातात पडते. ती पुस्तिका लक्षपूर्वक वाचली तर घर बंद असताना काय करायचं, एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबं किती मोजायची, असे प्रश्न सुटतात. पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत येतात.

काही हजार रुपये घेऊन दोन दिवसांत ‘रिसर्च मेथडॉलॉजी’चं प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळांबद्दल सावध राहा. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा (त्यांतले शब्द पुढे उलगडतील). डिझाइन इफेक्ट शिकवणार का? भार लावून विश्लेषण करायला लावणार का? खऱ्या पाहणीची माहिती हाताळायला देणार का? तिन्हींना स्पष्ट होकार नसेल तर त्या पैशांत लॅपटॉपची मेमरी वाढवा.

बुधच्या मुलाने दाखवलेली चूक

हे शास्त्र परदेशातून तयार होऊन आलेलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकून परत आले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्याच्या कामाला लागले. शेतं यादृच्छिक पद्धतीने निवडायची, शेतातला तुकडाही तसाच निवडायचा, तेवढाच कापायचा आणि वजन करायचं. प्रश्न होता तुकडा केवढा घ्यायचा. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकड्यांवर काम करत होते. लहान तुकडा स्वस्त पडतो, लवकर कापून होतो. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की फार लहान तुकड्यातून उत्पन्न फुगून येतं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो, आणि लहान तुकड्यात कड जास्त, आतला भाग कमी असतो.

इथे दोष नमुना कमी असण्याचा नव्हता. असे हजारो तुकडे कापले असते तरी उत्तर चुकलंच असतं, उलट मोठ्या संख्येमुळे त्या चुकीवर विश्वास वाढला असता. आज पीक विम्याची भरपाई ज्या पीक कापणी प्रयोगांवर ठरते, त्यांच्या मुळाशी सुखात्म्यांचं हे काम आहे, म्हणून नवापूरच्या भात आणि तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही ते परकं नाही. सुखात्म्यांचं नमुना पाहणीवरचं पुस्तक १९५४ मध्ये आलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलात तर ते मागून घ्या. विकत घ्यायची गरज नाही.

पाहणीचा खर्च: गावं वाढवावीत की घरं?

काही खर्च करण्याआधी पाहा, की उत्तर आधीच उपलब्ध आहे का. २०१९–२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं नंदुरबार जिल्ह्याचं माहितीपत्रक मोफत मिळतं. पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत, हे त्यात स्पष्ट दिसतं. पण त्या पाहणीत निवडलेल्या प्रत्येक गावातून २२ घरं घेतली होती आणि जिल्ह्याभरात मिळून सुमारे नऊशे. त्यातून जिल्ह्याबद्दल बोलता येतं. नवापूर तालुक्याबद्दल किंवा चिंचपाड्याबद्दल बोलता येत नाही. तुमचा प्रश्न तालुक्याचा असेल तरच स्वतंत्र पाहणीचा विचार करा.

आता हिशेब. पुढचे दर मी समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्याकडे जे दर चालतात ते घालून पुन्हा आकडेमोड करा.

पाहणीत दोन प्रकारचे खर्च असतात. एक, गाव धरायचा खर्च: तिथे पोहोचणं, सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटणं, घरांची यादी करणं. दोन माणसांचा यादी करण्याचा एक दिवस १२०० रुपये, पर्यवेक्षक ८००, पेट्रोल ६००, जेवण-चहा ४००. म्हणजे एका गावामागे ३००० रुपये. दुसरा, घराचा खर्च: प्रगणकाचा रोज ६०० रुपये आणि दिवसाला चार मुलाखती, म्हणजे एका घरामागे १५० रुपये.

साहजिकच कुणालाही वाटतं, की गावाला गेलोच आहोत तर तिथे भरपूर घरं करून घ्यावीत. इथेच पैसा वाया जातो. एका पाड्यातली घरं एकमेकांसारखी असतात. आशाताई चांगली असेल तर सगळ्या मुलांना लस मिळालेली असते, नसेल तर कुणालाच नाही. त्याच पाड्यातलं विसावं घर नवीन काही सांगत नाही. हा सारखेपणा मोजणाऱ्या आकड्याला आपण सारखेपणाचा गुणांक म्हणू. लेस्ली किश यांनी १९६५च्या आपल्या पुस्तकात रूढ केलेल्या डिझाइन इफेक्टचं सूत्र साधं आहे: गावातल्या घरांच्या संख्येतून एक वजा करा, उरलेल्याला गुणांकाने गुणा, त्यात एक मिळवा. एकूण मुलाखतींना या आकड्याने भागलं की खऱ्या उपयोगाच्या मुलाखती किती, ते कळतं.

लसीकरणासाठी हा गुणांक एक षष्ठांश धरू. क्षेत्रकामाला ९०,००० रुपये आहेत. प्रत्येक गावात ३० घरं केली तर गावामागे खर्च ७५०० रुपये, म्हणजे १२ गावं आणि ३६० मुलाखती. डिझाइन इफेक्ट ५.८३, उपयोगाच्या मुलाखती जेमतेम ६२. आता प्रत्येक गावात १० घरं घ्या. गावामागे ४५०० रुपये, २० गावं, २०० मुलाखती. डिझाइन इफेक्ट २.५, उपयोगाच्या मुलाखती ८०. मुलाखती १६० ने कमी, पैसे तेवढेच, आणि उत्तर जास्त खात्रीचं. अहवालात ‘३६० कुटुंबांची पाहणी’ असं लिहिलेलं भारदस्त दिसतं, म्हणून लोक पहिला मार्ग धरतात. देणगीदारानेही केवळ मुलाखतींची संख्या विचारणं सोडायला हवं.

एका गावात किती घरं घ्यावीत याचंही सूत्र आहे. गावाच्या खर्चाला घराच्या खर्चाने भागा: ३००० भागिले १५०, म्हणजे २०. एकातून गुणांक वजा करून त्याला गुणांकाने भागा: इथे ५. दोन्हींचा गुणाकार १००, त्याचं वर्गमूळ १०. पण प्रश्न पिण्याच्या पाण्याचा असेल तर एका पाड्यात सगळ्यांचा हातपंप एकच. गुणांक अर्धा धरला तर गावात चार-पाच घरं पुरतात. उलट, घराघरांत विखुरलेल्या एखाद्या आजाराचा गुणांक ०.०२ असेल तर ३१ घरं घेणं परवडतं. म्हणजे प्रश्न काय आहे त्यावर अंदाजपत्रक बदलतं.

लसीकरणाच्या पाहणीत ३० गावं आणि प्रत्येकी ७ मुलं, अशी २१०ची रचना जगभर वापरली गेली. तिचं गणित असं: उत्तर १० टक्क्यांच्या फरकाने, ९५ टक्के खात्रीने हवं असेल तर साध्या यादृच्छिक नमुन्यात ९६ मुलं लागतात, डिझाइन इफेक्ट २ धरून १९२, म्हणून २१०. आपल्या दराने तिचा क्षेत्रकामाचा खर्च १,२१,५०० रुपये होतो. फरक १० ऐवजी ५ टक्के हवा असेल तर नमुना दुप्पट नव्हे, चौपट लागतो. ‘जरा आणखी अचूक हवं’ असं बैठकीत सहज म्हणणाऱ्याला हा आकडा आधी दाखवा.

फक्त एका गावाची पाहणी असेल तर सगळं स्वस्त होतं. समजा गावात ६०० घरं आहेत. पाच टक्क्यांच्या फरकासाठी ३८४ लागले असते, पण गाव लहान असल्यामुळे २३४ पुरतात. १५० रुपयांनी ३५,१०० रुपये, वर यादी करण्याचा खर्च. प्रत्येक पाड्यातून त्याच्या घरांच्या प्रमाणात नमुना घ्या. त्याला वेगळा खर्च पडत नाही, आणि कुठलाही पाडा सुटत नाही.

गाव आणि घर निवडताना

गावांची यादी २०११च्या जनगणनेतून मोफत मिळते. मोठ्या गावाला निवडले जाण्याची संधी त्याच्या आकाराच्या प्रमाणात मिळावी म्हणून घरांची बेरीज करत जा. समजा एकूण ३०,००० घरं आणि २० गावं हवीत; अंतर १५००. एक ते १५०० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ६४० आला. मग ज्या गावात बेरीज ६४०, २१४०, ३६४० ओलांडते ती गावं घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, वहीतही होतं.

घर निवडताना मात्र जुनी सोपी रीत वापरू नका. पूर्वी लसीकरण पाहणीत गावाच्या मध्यभागी उभं राहून बाटली फिरवायचे, ती थांबेल त्या दिशेने घरं घ्यायचे. आपल्याकडे पाडे विखुरलेले असतात. त्या गावांना मध्यभागच नसतो. बाटली चौकात फिरते आणि चौकाजवळचीच घरं मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८च्या पुस्तिकेत ही रीत सोडून दिली आहे. यादी करण्याचे १२०० रुपये वाचवावेत असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते अंदाजपत्रकातला तो सर्वांत मोलाचा खर्च आहे. आशाताई आणि अंगणवाडीताईंची नोंदवही सुरुवातीला घ्या, पण पाडे चालून ती तपासा. मतदार यादीवर विसंबू नका. गाव फार मोठं असेल तर पाड्यांनुसार त्याचे भाग करा, चिठ्ठीने एक भाग निवडा आणि तेवढ्याचीच यादी करा. भाग किती होते ते लिहून ठेवा, पुढे भार काढताना लागतं.

कुलूप लावलेली घरं

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, मुलाबाळांसह, आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारीत पाहणीला आलेला प्रगणक कुलूप बघतो आणि शेजारचं घर भरतो. नोंदी पूर्ण होतात, आणि गावातलं सगळ्यात गरजू कुटुंब कागदावरून पुसलं जातं.

समजा चारांतलं एक घर बंद आहे. घरी असलेल्यांच्या मुलांत ७० टक्के लसीकरण आहे, गेलेल्यांच्या मुलांत ४० टक्के. खरा आकडा ६२.५ टक्के. तुम्ही लिहाल ७०. नमुना दुप्पट केला, चौपट केला, तरी ७०च येणार. हा दोष संख्येने धुतला जात नाही.

म्हणून बदली घर घेऊ नका. बंद घराला वेगवेगळ्या वेळी निदान तीन फेऱ्या मारा आणि त्यासाठी वेगळे १०,००० रुपये ठेवा. तरीही घर बंदच राहिलं तर तसं नोंदवा, आणि अहवालात बंद घरांचं प्रमाण छापा. शक्य असेल तर क्षेत्रकाम पोळ्यापासून दिवाळीपर्यंत उरका. पावसाचा त्रास होतो, माणसं दिवसा शेतात असतात, मुलाखती संध्याकाळी घ्याव्या लागतात. पण माणसं गावात असतात. प्रश्नच स्थलांतरित मुलांचा असेल तर गुजरातेतल्या पडावांची वेगळी यादी आणि वेगळं अंदाजपत्रक करावं लागेल.

विश्लेषणात भार लावणं

वरच्या रीतीने निवडलेल्या गावात जनगणनेनुसार १५० घरं होती तर त्याची निवड होण्याची संधी दहात एक. तिथे १५० पैकी १० घरं घेतली तर प्रत्येक घर तालुक्यातल्या १५० घरांच्या वतीने बोलतं. पण यादी करताना २०० घरं निघाली, तर तेच घर २०० घरांच्या वतीने बोलतं. हाच भार. जनगणना २०११ची असल्यामुळे असे फरक जागोजागी येतील. नव्या जनगणनेचे आकडे हाती आले की फरक कमी होईल. भार न लावता काढलेली टक्केवारी वाढलेल्या गावांचा आवाज दाबते.

‘सर्व्हे’ पॅकेजला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: गाव कुठलं, स्तर (निवडीआधी पाडलेला गट) कुठला, भार किती. गाव सांगायचं विसरलात तर संगणक २०० मुलाखती सुट्या धरतो आणि उत्तर आहे त्याहून जास्त अचूक असल्याचं दाखवतो. प्रकाशित झालेल्या प्रबंधांतही ही चूक दिसते. सरावासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीची घरनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत घ्या. भार लावून एखादा छापील आकडा तंतोतंत काढता आला, की तुम्हाला विषय आला असं समजा.

उरलेली बिलं

२० गावांच्या क्षेत्रकामाचे ९०,००० रुपये. सहा जणांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण जेवणासह ९०००. नमुन्याबाहेरच्या एका पाड्यात प्रश्नावलीची चाचणी, ३०००. मावचीत प्रश्न बसवणं आणि छपाई, ५०००. बंद घरांच्या फेऱ्या, १०,०००. निकाल गावात सांगायला गावामागे ३००, म्हणजे ६०००. बेरीज १,२३,०००, अडीअडचणीला दहा टक्के धरून १,३५,३०० रुपये. मावची भाषांतराचे पैसे कापू नका. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला आजी मान हलवते, आणि प्रगणक तिला होकार समजतो.

रक्त घेणार असाल, मग ते सिकलसेलसाठी असो की हिमोग्लोबिनसाठी, तर हे अंदाजपत्रक लागू नाही. नैतिकता समितीची लेखी परवानगी, संमतीपत्र, तपासणीनंतरचा सल्ला आणि पुढच्या उपचाराची सोय या सगळ्याची तरतूद करूनच सुई उघडा. ज्याला आजार आहे असं तुमच्यामुळे कळलं, त्याला वाऱ्यावर सोडता येणार नाही.

परवानगीला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायद्याखाली काही पाड्यांची स्वतंत्र ग्रामसभाही असते. सरपंचांना पत्र द्या आणि ग्रामसभेत विषय मांडा. निकाल सांगायलाही ग्रामसभाच निवडा. ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ठरलेली असते. जानेवारीत ऊसतोडीची कुटुंबं बाहेर असतात, मे महिन्यात काही जण अजून वाटेवर असतात. पुढच्या पंधरा ऑगस्टची सभा धरा, एका पानाचा मोठ्या अक्षरांतला तक्ता छापून न्या, आणि तो मावचीत वाचून दाखवणारी व्यक्ती आधीच ठरवून ठेवा.